शिवणीतली माया

मराठी शिवणकामात ‘माया’ हा नेमका, हिशेबाचा शब्द आहे. कापड बेतताना शिवणीच्या आत बोटभर, दोन बोटे जादा पट्टी दुमडून ठेवतात, म्हणजे पुढे मूल वाढले किंवा अंग भरले तर टीप उसवून तोच कपडा सैल करता येतो. या राखीव पट्टीला शिंपी माया म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ जिव्हाळा, आणि तिसरा, ‘त्याने बरीच माया जमवली’ या बोलण्यातला, पैसाअडका. भाषेने एका शब्दात कोंबलेल्या या तीन गोष्टी व्यवहारात मात्र सहसा एकत्र नांदत नाहीत: ज्या दुकानात पहिल्या दोन प्रकारची माया सढळ असते तिथे तिसरीचा बहुधा खडखडाट असतो, आणि अशा दुकानाच्या गिऱ्हाइकाला, काम मनासारखे होऊनही, एक बोच लागून राहते. त्या बोचेचा विचार येथे दोन विरुद्ध बाजूंनी करायचा आहे.

विचारासाठी घेतलेले गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातले करजगी (याच नावाचे गाव शेजारच्या अक्कलकोट तालुक्यात आहे आणि हावेरीकडेही आहे; पत्ता विचारताना जिल्हा सांगावा लागतो तो यामुळेच). कलबुर्गी-बिदरचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मात्र सोयरिकी आणि बाजारहाट यांनी ही रेघ फारशी मनावर घेतली नाही, आणि लग्नाचा बस्ता म्हटले की आजही आधी आठवते ते सोलापूर. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी सोलापूरचे नाव देशभर झाले आहे, त्यामुळे सीमेपलीकडून येणारा तयार कपडा हा इथल्या एकट्यादुकट्या शिंप्याचा जवळचाच प्रतिस्पर्धी ठरतो. अशा शिंप्याचा गाळा म्हणजे एक पायमशीन, कोळशाची किंवा विजेची इस्त्री, खुंटीवर टेप, आणि मापांची वही, जिच्या प्रत्येक पानाला त्या त्या गिऱ्हाइकाच्या कापडाचा बोटभर तुकडा टाचणीने लावलेला असतो.

संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. ‘गुरुजी’ हे निवृत्त मराठी शिक्षक. ‘अक्का’ महिला बचत गटाचे हिशेब लिहितात. अक्का म्हणजे थोरली बहीण, पण या भागात वयाने लहान असलेल्या बाईलाही मानाने अक्काच म्हणतात, तशी गुरुजींनी त्यांना मारलेली ही हाक आहे.

गुरुजी : अक्का, कारागिराने जीव ओतून केलेले काम घेताना संकोच का वाटावा, हेच उमगत नाही. शिंपी काजे हाताने करतो, गुंडी सैल दिसली तर न सांगता पक्की करतो, लहान मुलाच्या कपड्यात दोन बोटे माया जास्त सोडतो, आणि शिलाई घेतो ती ठरली तेवढीच. या जादा कामाला लाचारी समजणे म्हणजे त्याचा अपमान आहे. बसवण्णांचे कल्याण काही इथून फार लांब नाही. कायक म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

बाराव्या शतकातल्या शरण चळवळीचे केंद्र असलेले कल्याण म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. ‘कायक’ म्हणजे उपजीविकेचे काम हीच पूजा मानून करणे, आणि ‘दासोह’ म्हणजे त्या कामातून आलेले स्वतःपुरते ठेवून उरलेले समाजाला अर्पण करणे. दोर वळणारा, कपडे धुणारा, होडी चालवणारा असे नाना धंद्यांचे लोक या विचाराचे वाहक होते. गुरुजींचा आधार पक्का आहे, पण त्यांनी तो निम्माच वापरला आहे.

अक्का : दाखला द्यायचा तर पुरता द्या, गुरुजी. आयदक्की मारय्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्यावरूनच हे नाव पडले. एके दिवशी ते रोजच्याहून जास्त घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्कम्मांनी ते चुलीवर चढवले नाहीत. आपल्या वाट्याचे नाही ते परत नेऊन टाका म्हणाल्या. जादा घरात आले की घरच्या माणसाने विचारावे, हे कोणाच्या वाट्याचे, असे लक्कम्मांचे सांगणे आहे. शिंप्याच्या कायकाचे कौतुक सगळे गिऱ्हाईक करते, लक्कम्मांचा प्रश्न मात्र कोणी स्वतःला विचारत नाही.

गुरुजी : तो तांदूळ मारय्यांनी उचलला होता. इथे शिंपी आपल्या हाताने देतो. शिवाय हिशेबच करायचा तर कापड गिऱ्हाइकाचे असते. माया सोडली म्हणून शिंप्याच्या पदरचे काय गेले?

अक्का : कापड गिऱ्हाइकाचे, हे खरे; पण पुढचे काम कोणाचे? माया सोडली नसती तर पोराचा सदरा वर्षात आखूड झाला असता आणि शिंप्याला नवा सदरा शिवायला मिळाला असता. माया सोडणारा शिंपी स्वतःचे पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक स्वतःच घरी बसवतो. आणि वर्षाने तोच सदरा उसवायला आणला की हसत म्हणतो, एवढ्याचे काय पैसे घ्यायचे! एकाच मायेपायी तो दोनदा नुकसान सोसतो, आणि दोन्ही वेळा ‘मोठा सज्जन माणूस’ एवढेच त्याच्या पदरी पडते.

अक्कांचे हे गणित सहज खोडता येण्याजोगे नाही. कारखान्यातल्या कपड्यात माया जवळजवळ नसते, कारण हजारो नगांत प्रत्येकी बोटभर कापड वाचवणे हाच तिथला नफा असतो. गावच्या शिंप्याकडे ती असते, कारण तो कपडा न पाहता अंग पाहतो, आणि ते अंग पुढेही त्याच्यासमोरच वाढणार असते. म्हणजे मायेमागे भविष्याचा एक अंदाज आहे: हे मूल इथेच मोठे होईल आणि इथेच येत राहील. अंदाज खरा ठरला तर जादा कामाची फेड वर्षानुवर्षांच्या राबत्यातून आपसूक होते, आणि खोटा ठरला तर ती पट्टी नुसतीच दिलेली राहते. दोघांच्या वादाचे खरे मूळ इथे आहे, शिंप्याच्या स्वभावात नाही.

गुरुजी : राबता आहे म्हणूनच तर दुकान उघडे आहे!

अक्का : राबता आहे, पण कसला? सणाला आणि लग्नाला गिऱ्हाईक जाते सोलापूरला. तिथून तयार विजार आणायची आणि लांबी जास्त झाली की इथे टाकायची अल्टर करायला. जी विजार त्याने शिवली नाही, जिची शिलाई त्याला मिळाली नाही, तिची मोरी तो दुमडून देतो, इस्त्री फिरवून घडी घालून देतो, आणि वीस-तीस रुपये मागतानाही खाली बघतो. कलबुर्गीला जायचे तर आता बायकांना तिकीटही नाही.

गुरुजी : त्या बसने अक्काही जातात.

अक्का : जाते ना! म्हणून तर बोलते आहे.

कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेतून ११ जून २०२३ पासून राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून राज्यात मोफत प्रवास मिळतो. योजनेचे स्त्रियांच्या शिक्षण-रोजगाराला झालेले साहाय्य मोलाचे आहे, आणि तिच्यावर टीका करण्याचा येथे हेतू नाही. पण जिल्ह्याच्या गावच्या दुकानापर्यंतचे भाडे शून्यावर आले की गावातल्या दुकानाची, अंतरामुळे असलेली, एक अदृश्य भिंत कोसळते, हेही पाहावे लागते. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेल्या विचारात यासाठी सोपी मांडणी सापडते: कोणत्याही व्यवहारात असमाधानी माणसापुढे निघून जाणे आणि तोंड उघडून तक्रार करणे असे दोन मार्ग असतात, आणि यांपैकी कोणता कधी निवडला जातो, हे त्याच्या निष्ठेवर ठरते. करजगीच्या उदाहरणात ही निष्ठा उलट्या बाजूला जाऊन बसलेली दिसते. निघून जाण्याचा मार्ग गिऱ्हाइकाला दिवसेंदिवस स्वस्त होत चालला आहे, आणि निष्ठा वाढत चालली आहे ती दुकानदाराची. ज्याला जाता येत नाही त्याची निष्ठा आणि ज्याला जाता येते त्याचे समाधान, यांच्या मधल्या फटीत ती बोच जन्म घेते, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे.

गुरुजींचा पुढचा मुद्दा इतिहासाचा आहे, आणि तो अधिक नाजूक आहे.

गुरुजी : पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यायचे. दर कामामागे पैसे मोजायचे नाहीत, त्यामुळे जादा-कमी हा हिशेबच नाही.

बलुतेदारी म्हणजे गावच्या कारूंनी वर्षभराच्या कामाबद्दल पिकाचा ठरीव हिस्सा घेण्याची पद्धत. कन्नड मुलखात याच हिश्शाला ‘आय’ आणि तो घेणाऱ्यांना ‘आयगार’ म्हणत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार आणि बरेच परखड वर्णन केले आहे, आणि तो ग्रंथ वाचणाऱ्याला गुरुजींच्या स्मरणातले हे खळे जरा जास्तच उन्हात न्हालेले वाटेल.

अक्का : खळ्यावर कोण कुठे उभे राहायचे, तेही सांगा की. ज्याला बलुते म्हणून उष्टे-पाष्टे मिळाले त्याच्या घरात ‘सेवा’ हा शब्द गोड लागत नाही, गुरुजी. दया पवारांनी पुस्तकाला ‘बलुतं’ हेच नाव दिले ते काय कौतुकाने? आणि बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक घेऊन उभे राहिले ते कशासाठी? चोवीस तास राबायचे, आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर, म्हणून.

गुरुजी : शिंप्याची गोष्ट त्या पंगतीत बसवू नका.

अक्का : नाही बसवत. शिंपी दुकानात बसतो, भाडे भरतो, पाटी लावतो. तो कोणाचा वतनदार चाकर नाही. पण मोबदला मर्जीवर सोडायची गावाची सवय मात्र तीच आहे. शिलाई ‘तूर विकली की देतो’ आणि दासोह आजचा आज!

येथे गुरुजी काही वेळ बोलत नाहीत, आणि ते योग्यही आहे. तूर हे कलबुर्गीचे मुख्य नगदी पीक असून तिची काढणी डिसेंबर-जानेवारीत होते. म्हणजे जूनमध्ये शाळेसाठी शिवलेल्या कपड्यांचे पैसे पुढच्या संक्रांतीला हातात पडले तर त्यात कोणाला वावगे वाटत नाही. गावच्या बोलीत या उधारीला ‘उद्री’ म्हणतात आणि ती नोंदायची वहीही मापांचीच असते: छाती चौतीस, बाही बावीस, बाकी दोनशे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या केंद्रीय कायद्यात अशा थकबाकीची चांगली दखल आहे. करारात कितीही मुदत लिहिली तरी नोंदणी केलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र त्याच कायद्याच्या व्याख्येत, १ एप्रिल २०२५ पासून, दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही ‘सूक्ष्म’च ठरतो, आणि पायमशीनवर बसलेला एकटा माणूस त्याच खणात जाऊन पडतो. दोनशे रुपयांच्या बाकीसाठी कोणता शिंपी या कायद्याखाली थकबाकीची दाद घेणाऱ्या परिषदेकडे अर्ज करणार, आणि केला तर त्या गल्लीत पुन्हा कसा बसणार!

उद्रीचा विषय निघाला की मराठीतले दोन शब्द पुढे येतात आणि ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. ‘भीड’ म्हणजे समोरच्याच्या मनाला लागेल या विचाराने स्वतःला आवरणे. भीड समोरासमोर असते आणि पाठ फिरताच बरीचशी ओसरते. ‘मिंधेपणा’ म्हणजे फेडता न आलेल्या उपकाराखाली दबून जाणे; तो पाठ फिरल्यावरच वाढतो. कन्नडमध्ये दुसऱ्या अर्थासाठी ‘हंगु’ हा शब्द आहे आणि सीमाभागातला मराठी माणूसही तो सहज वापरतो. सोलापूरहून आलेली दुकानाच्या नावाची पिशवी घेऊन बसमधून उतरणारा माणूस शिंप्याच्या गाळ्यासमोरून न जाता मागच्या बोळाने घरी जातो, तेव्हा तिथे भीड नसते, कारण शिंप्याने त्याला पाहिलेलेच नसते. तिथे हंगु असतो. विशेष असे की शिंप्याने कधी काही बोलून दाखवलेले नसते. त्याने बोलून दाखवले असते तर बरे झाले असते, असे त्या बोळातून जाणाऱ्याला वाटत असावे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या दानविषयक निबंधात देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने एकत्र असतात असे दाखवले. दान म्हणून आलेली वस्तू मोफत कधीच नसते आणि तिची परतफेड रोखली गेली की घेणारा खाली जातो. बाजारातही या दानाचा अंश सर्वत्र सापडतो. भाजीवाली तोलून झाल्यावर वर कढीपत्त्याची काडी टाकते. कन्नडमध्ये या वरच्या घालण्याला ‘कोसरु’ म्हणतात. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातल्या बाजारांत ‘यापा’ म्हणतात, आणि तोच शब्द रूप बदलून अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या दुकानांपर्यंत पोहोचला. कोसरु लहान असतो, लगेच दिसतो आणि उद्याच्या खरेदीने फिटतो, म्हणून तो कोणाला बोचत नाही. शिवणीतली माया दिसत नाही, मोठी असते आणि तिची आठवण वर्षाने येते.

गुरुजी : मग उपाय काय, अक्का? जास्त पैसे द्यावेत तर तो घेत नाही. एकदा हातात जास्तीची नोट ठेवली की पुढच्या वेळी तो त्या नोटेएवढे काम आणखी वाढवून ठेवतो. हे कर्ज फिटत नाही, फुगते. आणि खरे सांगायचे तर घासाघीस सोडून दिली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसले ते बरे नव्हते. गिऱ्हाईक भाव करते, म्हणजे धंदा चालू आहे; गिऱ्हाईक भाव करायचे थांबले, म्हणजे त्याला कीव आली.

हा गुरुजींचा सर्वांत बळकट मुद्दा म्हणावा लागेल. घासाघीस ही क्षुद्र गोष्ट मानली जाते, पण दोन समान माणसांमधला तो एक विधी आहे, आणि तो मोडणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी, मोडताक्षणी एक जण दाता आणि दुसरा याचक होतो. दुकान अडचणीत आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकाचे वागणे बदलते, तो उगाच हसून बोलतो, चूक दिसली तरी चालवून घेतो, बाही तिरपी बसली तरी ‘छान झालेय’ म्हणतो. आणि ज्या कारागिराने आयुष्यभर बाहीच्या खांद्याकडे बघून माणूस ओळखला त्याला ती खोटी पसंती लगेच कळते. पंढरपूरच्या नामदेवांचे घराणे शिंप्याचे होते, त्यांची एकसष्ट पदे पुढे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात गेली, आणि तेव्हापासून हा व्यवसाय भीमेच्या काठाला भक्तीच्या वळणानेच आठवतो. पण देवाच्या दारात आणि दुकानाच्या दारात एवढा फरक आहे की देवाला तिरपी बाही चालते.

अक्का : भाव जरूर करा, गुरुजी. खालचा करा. पण ठरलेला त्याच दिवशी मोजा. बाही तिरपी असेल तर तिरपी म्हणा आणि नीट करून घ्या. आणि उसवायला गेलात तर उसवायचे पैसे द्या.

गुरुजी : तो घेणार नाही.

अक्का : ‘नाही’ म्हणेल, ‘घेणार नाही’ हे आपण ठरवतो, आपल्याला परवडते म्हणून. आमच्या गटातल्या बाया पिको-फॉल करतात, त्याही आधी ‘राहू द्या’ म्हणतात. दुसऱ्यांदा विचारले की दर सांगतात. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

गुरुजी : आणि दर सांगितल्यावर ती माया राहील? दर लागला की शिंपी पट्टी मोजून सोडेल. अर्धे बोट.

अक्का : सोडू दे अर्धे बोट.

गुरुजी : अक्का, अर्ध्या बोटात पोराचे एक वर्षही निघत नाही.

अक्का : मग एक बोट सोडायचे काय घेशील, असे विचारा.

या टप्प्यावर दोघांचा वाद थांबत नाही, फक्त जमिनीवर येतो. गुरुजींच्या म्हणण्यात एक भीती आहे की जे मोजले जाईल ते आटेल, आणि ती निराधार नाही. दुकानातला जिव्हाळा दरपत्रकावर चढला की त्याची जागा एखादी ‘मोफत सेवा’ अशी पाटी घेते हे शहरात रोज दिसते. अक्कांच्या म्हणण्यात दुसरी भीती आहे की जे मोजले जाणार नाही ते देणाऱ्यासकट संपेल. दोन्ही भीती एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि शिंप्याच्या मुलाने पुण्याला जाऊन दुसरेच काम धरलेले असेल, जसे या भागात पुष्कळदा घडते, तर दुसरी लवकर खरी ठरते.

गुरुजी : त्या गाळ्यात अजून एक सदरा पडून आहे. नातवाचा. खांद्यातून आणि बगलेतून माया सोडवायला दिला आहे.

अक्का : कधीचा?

गुरुजी : दिवाळीच्या आधीचा. आणायचे होत नाही.

अक्का : होत नाही, की जात नाही?

जुना कपडा उसवला की शिवणीच्या आतली पट्टी बाहेर येते आणि तिचा रंग बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसतो, कारण इतकी वर्षे तिला ना ऊन लागलेले असते ना धुणे. तिच्या कडेने जुन्या टिपेच्या भोकांची बारीक रांग राहते, जी कितीही इस्त्री फिरवली तरी पूर्ण मिटत नाही. शिंपी ती भोके नव्या टिपेखाली जातील अशा बेताने पुन्हा शिवू पाहतो आणि त्यात सरळ शिलाईपेक्षा जास्त वेळ जातो. गुरुजींच्या नातवाचा सदरा घडी घालून, मापाच्या वहीखाली, तयार आहे. वहीतल्या त्या पानावर छाती आणि खांद्याचे नवे माप पेन्सिलीने लिहिलेले आहे, आणि रकमेच्या जागी काहीच लिहिलेले नाही.